किर्लोस्करवाडीची माणसं आणि जागा कशा शोधायच्या

लोक सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीला, म्हणजे किर्लोस्करांच्या कारखान्याभोवती वसलेल्या गावाला जातात, स्टेशनच्या पाटीजवळ फोटो काढतात, कंपनीच्या गेटपर्यंत चक्कर मारतात आणि परत येऊन सांगतात की तिथे बघण्यासारखं काही नाही. हे ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं. वाडी म्हणजे काही किल्ला नाही की तिकीट काढलं, आत गेलो, बोर्ड वाचत फिरलो, तिथे आजही पंप बनतात, लोक कामावर जातात, घरं नांदती आहेत, त्यामुळे ती बघायची तर घरून तयारी करून जावं लागतं. आणि माझं ठाम मत आहे की ही तयारी इमारतींपासून नाही, माणसांपासून सुरू करायची. एक माणूस धरायचा, तो आला कुठून, वाडीत काय करायचा, पुढे कुठे गेला हे बघत जायचं, जागा आपोआप सापडत जातात. ज्यांचे आजोबा-पणजोबा वाडीत होते त्यांना तर हे जास्तच उपयोगी पडेल, पण तसं काही नातं नसलं तरी अडत नाही.

आधी मूळ गोष्ट थोडक्यात, कारण पुढचं सगळं तिला धरूनच आहे. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर, जन्म २० जून १८६९, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचे. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर पेंटिंग सोडून मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले, मग व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले आणि तिथे आपल्याला डावलून दुसऱ्याला बढती मिळाली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. भाऊ रामुअण्णा यांच्याबरोबर सायकलचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. नांगर पहिल्यांदा खपेचना, शेतकऱ्यांना वाटायचं लोखंडाने जमीन नासेल. जरा जम बसतोय तोवर बेळगाव नगरपालिकेने जागा खाली करायला सांगितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन देऊ केली आणि वर १०,००० रुपये बिनव्याजी. जमीन म्हणजे निवडुंग आणि सापांचा माळ. १० मार्च १९१० ला त्या माळावर वाडी सुरू झाली.

एक सूचना इथेच देऊन ठेवतो. नेटवर किर्लोस्कर आणि गुर्लहोसूर असं टाकलं की संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही समोर येतात. गाव तेच पण माणूस वेगळा, ते १८८५ लाच वारले, म्हणजे वाडीच्या पंचवीस वर्षं आधी. दोघांची माहिती एकमेकांत मिसळलेली बऱ्याच ठिकाणी दिसते, तेवढं सांभाळा.

आता पहिलं काम, नावांची यादी. वही घ्या किंवा फोनमध्ये नोट करा, पण लक्ष्मणरावांचं नाव सगळ्यात शेवटी लिहा. त्यांच्याबद्दल सगळीकडे मिळतं, त्यांच्यापासून सुरू केलं की बाकीचे लोक त्यांच्या मागे झाकले जातात. यादी रामुअण्णांपासून सुरू करा, कारण कारखाना लक्ष्मणरावांचा असेल पण वसाहतीची आखणी आणि रोजचा कारभार त्यांनी बघितला, घरं, पाणी, रस्ते, ओसाड माळावर माणसं राहती करणं हे त्यांचं काम. मग शंभुराव जांभेकर, पट्टीचे इंजिनिअर. अनंतराव फळणीकर, शाळा सोडलेले आणि तरी यंत्रांच्या कामात डोकं चालवणारे. के. के. कुलकर्णी, शिक्षणात यश न मिळालेले, विक्री सांभाळणारे. मंगेशराव रेगे हिशेब आणि ऑफिस बघायचे. ही नावं एका खाली एक लिहिली की लक्षात येतं की वाडी उभी करणाऱ्यांत डिग्रीवाले जवळपास नव्हतेच, ज्यांचं शाळेत जमलं नाही किंवा ज्यांनी शाळा सोडली अशा लोकांना कामाची जागा मिळाली आणि त्यांनी तिचं सोनं करून दाखवलं.

यादीत अजून दोन नावं न विसरता घाला, पिर्‍या मांग आणि तुकाराम रामोशी. दोघेही दरोड्यात शिक्षा झालेले, आणि लक्ष्मणरावांनी त्यांना वाडीच्या रखवालीवर ठेवलं, रात्रीचा कारखाना आणि झोपलेली कुटुंबं त्यांच्या भरवशावर. त्या काळात इंग्रजांच्या कायद्याने अख्ख्या जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेला होता, रामोशी त्यातच, हे डोक्यात ठेवून ही गोष्ट वाचा म्हणजे तिचं वजन कळतं. बऱ्याच लेखांत हे दोघे एका ओळीत येतात, मालकाच्या मोठेपणाचा दाखला म्हणून, आणि संपतात. तुम्ही तसं करू नका. त्यांना जांभेकरांएवढीच जागा द्या, ते रखवाली कुठून कुठपर्यंत करायचे, राहायचे कुठे, हे प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि वाडीत जुन्या माणसांना विचारा.

बायकांची नावं मुद्दाम शोधावी लागतात. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई हे एक नाव मिळतं, पण बेळगावचं बस्तान मोडून निवडुंगाच्या माळावर चूल मांडणाऱ्या बाकीच्या बायका कागदावर फारशा येत नाहीत, त्या घरच्या आठवणींतच सापडतात. म्हणून आजी, मावशी, आत्या यांना आधी विचारा, आजोबांच्या खात्याबद्दल नंतर.

दुसरं काम पत्त्याचं. हे रटाळ वाटतं पण इथेच बहुतेकांचा शोध अडकतो. वाडी आज सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे, म्हणून लोक जुनी कागदपत्रं सांगलीच्या नावाने शोधतात आणि हात हलवत परत येतात. वाडी सुरू झाली तेव्हा ती औंध संस्थानात होती आणि १९४८ ला संस्थान विलीन होईपर्यंत संस्थानातच राहिली. १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याचं नाव सांगली झालं १९६० ला. पलूस तालुका तर फार अलीकडचा, त्याआधी तासगाव. आणि स्टेशनचं नाव आधी कुंडल रोड होतं. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या एकाच घराचा पत्ता एका कागदावर कुंडल रोड, औंध संस्थान, दुसऱ्यावर तासगाव, दक्षिण सातारा आणि तिसऱ्यावर किर्लोस्करवाडी, सांगली असा निघू शकतो आणि तिन्ही बरोबर असतील. शाळा सोडल्याचा दाखला, जन्माची नोंद, जुनी पत्रं, काहीही शोधताना साल आधी ठरवा आणि त्या सालचा जिल्हा-तालुका लावून विचारा. सांगली जिल्ह्याचं गॅझेटियर शासनाच्या गॅझेटियर विभागाकडून ऑनलाइन वाचता येतं, संस्थानांच्या हद्दी आणि विलीनीकरण समजायला ते चांगलं पडतं.

अजून एक, वाडीत कामाला असलेला प्रत्येक जण वाडीतच राहायचा असं समजू नका. पलूस, कुंडल, आमणापूर, बुर्ली, दुधोंडी, रामानंदनगर अशा आसपासच्या गावांतूनही माणसं कामाला येत आली आहेत, त्यामुळे नाव वाडीत सापडलं नाही तर या गावांकडे वळा.

तिसरं काम मला सगळ्यात आवडतं, जुने अंक चाळणं. १९२० ला कंपनी लिमिटेड झाली आणि त्याच वर्षी वाडीतून किर्लोस्कर खबर नावाचं छोटं मासिक निघायला लागलं, शंकरराव किर्लोस्कर म्हणजे शं. वा. कि. त्याचे संपादक. सुरुवातीला ते कंपनीच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला होतं, पुढे त्याचं किर्लोस्कर मासिक झालं, मग १९३० ला स्त्री आणि १९३४ ला मनोहर. जरा विचार करा, आडबाजूच्या एका स्टेशनजवळच्या कारखान्याच्या वसाहतीतून अशी मासिकं निघतायत जी मराठी घराघरात वाचली जातायत, सावरकरांचे विज्ञानावरचे निबंध तिथे छापून येतायत, बायकांचे प्रश्न बायकांच्या नावाच्या मासिकात उघडपणे मांडले जातायत. नांगर आणि मासिक एकाच जागेवरून निघणं ही वाडीची खरी ओळख आहे असं मला वाटतं, आणि हे गेटसमोर उभं राहून कधीच कळत नाही. पुढे मासिकं पुण्याला गेली, विद्या बाळ स्त्रीच्या संपादक झाल्या तो काळ पुण्याचा.

अंक शोधायला जुनी सार्वजनिक वाचनालयं धरा, पुणे मराठी ग्रंथालय, पुणे नगर वाचन मंदिर, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, सांगली नगर वाचनालय, शिवाय तुमच्या गावातलं शंभरी गाठलेलं एखादं वाचनालय असेलच. जायच्या आधी फोन करून बांधीव खंड आहेत का, कुठल्या सालचे आहेत, बसून बघायला देतात का हे विचारून घ्या. अंक हातात आल्यावर लेखांकडे नंतर वळा, आधी जाहिराती आणि फोटो बघा. कुठल्या साली काय विकलं जात होतं हे जाहिरातीतून कळतं, नांगर, उसाचे चरक, कडबा कापायची यंत्रं, शेंगा फोडायची यंत्रं, पंप, आणि फोटोंच्या मागे कधी शेड दिसते, कधी झाड, कधी घरांची ओळ. त्या फोटोंचे परवानगी घेऊन मोबाईलवर फोटो काढून ठेवा, खाली अंकाचा महिना आणि साल लिहा. वाडीत उभं राहून तेच कोन शोधता येतात. जुने अंक फार ठिसूळ झालेले असतात, पान उलटताना कडेला धरू नका, खालून तळवा घालून उलटा आणि सपाट करायला दाबू तर अजिबात नका.

आता प्रत्यक्ष जायचं. जमलं तर वाडीच्या आधी औंधला जा, सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात आहे. लोक याला वळसा समजून टाळतात आणि मला ते पटत नाही, कारण ज्या माणसाने जमीन दिली तो माणूस औंधमध्ये भेटतो. बाळासाहेब स्वतः चित्रकार, लक्ष्मणरावांपेक्षा जेमतेम आठ महिन्यांनी मोठे, सूर्यनमस्काराचा प्रचार करणारे, आणि १९३८-३९ च्या सुमाराला गांधीजींच्या सल्ल्याने आपल्या हातातली सत्ता गावांच्या हाती देऊ केली असे राजे. यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभारलेलं श्री भवानी संग्रहालय आहे, तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं आई आणि मूल हे दगडी शिल्पसुद्धा, औंधसारख्या गावात. हे बघून झालं की कळतं की चित्रकला सोडून यंत्राकडे वळलेल्या माणसाला या राजाने जागा का दिली असेल. पुढे औंधने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाचं कैद्यांचं खुलं गाव वसवलं, शिक्षा झालेल्या माणसांनी कुटुंबासकट राहावं, शेती करावी असं. ते जवळपास तीस वर्षं नंतरचं आहे, पण वाडीचे ते दोन रखवालदार आठवल्याशिवाय राहत नाहीत. संग्रहालयाचा सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्या आणि औंध आणि वाडी एकाच दिवसात कोंबू नका.

वाडीला शक्यतो रेल्वेनेच उतरा. पुणे–मिरज लाइनवर ताकारी आणि भिलवडीच्या मधलं स्टेशन, सगळ्या एक्सप्रेस थांबत नाहीत म्हणून टाइमटेबल बघून निघा. रेल्वेने जायला सांगतोय कारण ही वाडी रेल्वेमुळेच इथे आहे. ओतकामाला बीड, म्हणजे ओतीव लोखंड लागतं, कोळसा लागतो, तो बाहेरून आणायचा आणि तयार नांगर कुठल्या कुठे पाठवायचे, तेव्हा ट्रक नव्हते, मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज होती. गाडीतून उतरल्यावर घाईने बाहेर पडू नका, प्लॅटफॉर्मवरून कारखाना कुठल्या बाजूला, किती लांब, घरं कुठे, हे बघून घ्या. जमल्यास साधा नकाशा काढा, स्टेशन, गेट, वसाहत, शाळा, विहीर, बाजार. औद्योगिक वसाहत कुठलीही असो, ती वाचायची हीच रीत, मालकाचं घर कामगारांच्या घरांपासून किती लांब, पाणी कुठून यायचं, दवाखाना कुठे, संध्याकाळी लोक बसायचे कुठे. वाडीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळायला मनाई केली होती, म्हणून पाण्याचा आणि पंगतीचा प्रश्न इथे आवर्जून विचारा, कोण कुठे पाणी भरायचं, जेवायला एकत्र बसायचे का, बाहेरगावाहून आलेले पाहुणे काय म्हणायचे. याची उत्तरं घरागणिक वेगळी मिळतील, सगळी लिहून घ्या.

कारखान्याच्या आत जायचं असेल तर आधी कंपनीला लेखी कळवा, ईमेल किंवा पत्र, आणि त्यात कारण स्पष्ट लिहा, कोणाची माहिती हवी आहे, कुठलं खातं, साधारण कुठली वर्षं. आयत्या वेळी गेटवर सिक्युरिटीशी हुज्जत घालण्यात काही अर्थ नाही, ते त्यांची ड्युटी करतायत. परवानगी नसेल तर गेटचे आणि शेडचे फोटो काढू नका. आणि वसाहतीत लोकांची घरं आहेत, अंगणात शिरून खिडक्यांचे फोटो काढणं हा सरळ उद्धटपणा आहे, दार वाजवून विचारलं तर बहुतेक लोक चहाला थांबवतात.

जुन्या कामगारांशी बोलणं हा या सगळ्यातला सगळ्यात मोलाचा भाग. काका, आजोबा, मावशी असं म्हणून बसायचं, रेकॉर्डिंग करणार असाल तर विचारून करायचं आणि तुमच्या जुन्या दिवसांबद्दल सांगा असा मोकळा प्रश्न विचारायचा नाही, कारण मग खूप छान दिवस होते एवढंच उत्तर मिळतं. खातं विचारा. फौंड्रीत होता का मशीन शॉपला, पॅटर्न शॉपला का असेंब्लीला, का स्टोअर, डिस्पॅच, टाइम ऑफिस. खातं विचारलं की माणूस हाताने दाखवायला लागतो, साचा कसा भरायचा, वाळू कशी लागायची, धातू ओतताना कोण कुठे उभं राहायचं. मग पाळी किती वाजता, भोंगा कुठपर्यंत ऐकू यायचा, पहिला पगार कशात खर्च झाला, क्वार्टर कधी मिळालं, शेजारी कोण, गणपतीत नाटक कोण बसवायचं. संपाबद्दल, अपघाताबद्दल, ज्यांना घर मिळालं नाही त्यांच्याबद्दलही विचारा, मालकांनी वसवलेल्या गावात सगळं मालकांच्या नजरेतून सांगायची सवय लागलेली असते आणि गाव फक्त मालकाचं नसतं. सांगणाऱ्याने एखादी गोष्ट कुठे लिहू नका म्हटलं तर लिहू नका.

घरातल्या वस्तूही काढून बघायला सांगा, पीएफची चिठ्ठी, सर्व्हिस सर्टिफिकेट, खात्याचा ग्रुप फोटो. ग्रुप फोटो मिळाला तर त्याच दिवशी कोण कुठला ते डावीकडून उजवीकडे लिहून घ्या, उद्यावर टाकू नका. आणि तुमच्या स्वतःच्या गावी एखाद्या वाड्याच्या परड्यात गंजलेला लोखंडी नांगर पडला असेल तर त्यावर ओतीव अक्षरं आहेत का ते बघा, तोही वाडीचा कागदच आहे.

वेळ असेल तर आजूबाजूच्या दोन जागा यात जोडा. एक कुंडल, नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं महत्त्वाचं केंद्र, जी. डी. बापू लाडांचं गाव. वाडी आणि कुंडल इतके शेजारी आहेत की १९४२ चं वारं कारखान्यात पोचलं नसतं तरच नवल. त्याचा धागा पकडून दुसऱ्या जागी जा, इस्लामपूर, आताचं ईश्वरपूर. १० सप्टेंबर १९४२ ला तिथल्या कचेरीवर मोर्चा गेला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात कामेरीच्या विष्णू बारपटेंबरोबर पंड्या नावाचे इंजिनिअर मारले गेले, ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले होते. वाडीच्या माणसांच्या यादीत उद्योगपती आणि संपादक येतात, पंड्यांचं नाव मात्र फार कमी वेळा दिसतं. तुम्ही ते लिहाच.

वाडीतून बाहेर गेलेल्या माणसांचा माग काढायचा तर पुण्याला या. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव, अमेरिकेत एमआयटीला मेकॅनिकल शिकून १९२६ ला परतले आणि वाडीतच कामाला लागले, पुढे १९४६ ला पुण्यात खडकीला ऑइल इंजिनचा कारखाना आला. कामगार, फोरमन, क्लार्क असे कितीतरी लोक वाडीतून या नव्या कारखान्यांकडे गेले, कोणी खडकीला तर कोणी हरिहरला, बंगळूरला. म्हणून वाडीत नाव एका सालानंतर दिसेनासं झालं तर या तीन ठिकाणी शोधा. मॉडेल कॉलनीतला लकाकि रोड माहीत असेल, त्यातलं लकाकि म्हणजे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला वारले.

ज्यांना वाडीची तुलना करायची आहे त्यांनी येता-जाता कराड स्टेशनला उतरा, ते स्टेशनच मुळी ओगलेवाडीत आहे. ओगल्यांचा काच कारखाना, १९१६ चा, प्रभाकर कंदील इथलाच. तोही औंधच्याच आश्रयाने उभा राहिला आणि मग बंद पडला. एक वाडी चालू आहे आणि एक थांबली आहे, दोन्ही एकाच लाइनवर, दोन्हीकडे तीच प्रश्नांची वही घेऊन जा, उत्तरं किती वेगळी येतात बघा.

जमा झालेलं सगळं फोनमध्ये पडू देऊ नका. फोटो आणि कागद स्कॅन करून प्रत्येक फाइलच्या नावात साल, माणसाचं नाव आणि जागा मराठीत टाका, आवाजाच्या रेकॉर्डिंगबरोबर दोन ओळी लिहा की कोण बोलतंय आणि कुठल्या खात्याबद्दल. ज्यांनी माहिती दिली त्यांना एक प्रिंट पाठवा, फोटो असेल तर फोटोची. आणि त्यांची परवानगी असेल तर एक प्रत पलूस किंवा सांगलीच्या वाचनालयात नेऊन द्या, वर अनुक्रमणिका लावून.